मार्युनचा वारा

फेरोच्या बेटांवर झाडं जवळजवळ नाहीतच.
म्हणून वाऱ्याला तिथे स्वतःचा आवाज नसतो.
कुंपणाच्या तारेचा उसना आणतो, पन्हळीचा, होडीच्या दोरांचा,
नाहीतर सरळ माणसाच्या गळ्यातून काढून घेतो.

सोल्या आली सकाळच्या बोटीने
एक रेकॉर्डर, जादा बॅटऱ्या आणि छापील तक्ता घेऊन:
शब्द. दिशा. वेग. अर्थ.
यास्पुरने तक्ता चष्म्याशिवाय पाहिला
आणि त्याच्यावर कॉफीचा कप ठेवला.

वारे ना? विचार.
हा आत्ता दार ढकलतोय तो हान्युस मास्तर.
नुसता ओरडतो, छडी उगारतो, मारत नाही कुणाला.
होडी काढायला हरकत नाही.
परवा होती ती मार्युन, माझी भावजय.
घरात शिरते, शब्द बोलत नाही,
भांडी एकदाच वाजवते
आणि मग दिवसभर कोपऱ्यात बसून राहते.
मार्युन सुटली की आम्ही जाळी आत घेतो.

सोल्याने हसू दाबून विचारलं, दिशा? ईशान्य?
दिशा कसली. मार्युन कुठूनही येते.

रागाला त्याच्याकडे वेगळा शब्दच नव्हता.
खवळणं एकच, समुद्राचं आणि सासऱ्याचं.
दाटून येणं एकच, ढगांचं आणि घशाचं.
भरून आलंय ते आभाळ की समोरचा माणूस
हे ज्याने त्याने खिडकीशी जाऊन बघायचं.
निवळणं तेवढं हवेलाच जमतं, तो म्हणाला.
माणसं निवळत नाहीत गं. झोपी जातात.

मग परसातली खोपी दाखवली,
फळीफळीत बोटभर फट,
आत ऑक्टोबरपासून टांगलेली मेंढीची मांडी.
मीठ कुठलं आमच्या आज्या-पणज्यांकडे, वाराच मुरवायचा.
पण सगळे वारे लागतात.
एकट्या मास्तरवर सोडलं तर नासतं.
थोडी मार्युन लागते.
त्याने चाकूने पातळ काप काढला, तिच्या तळहातावर ठेवला.
वास असा की डोळ्यांत पाणी.
चव मागाहून आली, सावकाश,
जशी एखादी जुनी गोष्ट कळते.

आणि बिर्ता? तिने विचारलं.
स्वयंपाकघरात फोटो पाहिला होता तिने.
रेकॉर्डरचा लाल ठिपका चालू.
यास्पुर मांसावरची बुरशी नखाने खरवडत राहिला.
तिचा वारा नाही.
वारा पडल्यावरचं ते असतं बघ,
माणूस बाहेर येतो, पत्रे मोजतो, मेंढ्या मोजतो,
सगळं जागच्या जागी असतं
आणि तरी परत मोजतो.
ते.

त्याला काय म्हणता?
त्याला आम्ही काही म्हणत नाही.
तुझा तो दिवा विझव आता.

संध्याकाळची बोट रद्द.
धक्क्यावरच्या पाटीवर खडूने तेवढंच.
तिकीटघराच्या आडोशाला सोल्याने तक्ता उघडला,
कॉफीचं गोल वर्तुळ, नेमकं शेवटच्या रकान्यात,
बाकी कोरा.

अकरा महिने आईशी बोलणं नव्हतं.
बापाची होडी न विचारता विकली म्हणून.
त्या दुपारला ती आजवर भांडण म्हणत आली होती.
भांडण कुठलं?
आई कपाटाची फळी पुसत होती, पुसलेलीच परत पुसत होती.
भांडी एकदाच वाजली होती.

आईही अशाच कुठल्याशा बेटावरून लग्न होऊन आलेली.
तिकडचं एक अक्षर तिने कधी घरात आणलं नाही.

फोन उचलला गेला. पलीकडे टीव्ही बारीक झाला.
सोल्याला वाटलं होतं, आधी माफीचं काहीतरी बोलू.
बोट नाही आज, तिच्या तोंडून निघालं, वारा सुटलाय इथे.

थोडा वेळ नुसती तार घोंघावली.
मग आई, जणू कालच बोलणं झालंय अशी,
विचारते,
कोणाचा?